निसणीच्या धारेवरची दुपार

शिमग्याची राख निवते न निवते तोच माझा नवरा हाताबाहेर जातो. हे दरवर्षीचं आहे. एरवी प्रल्हाद नलावडे म्हणजे हायस्कूलचे निवृत्त चित्रकला शिक्षक, शांत, कपड्यांच्या घड्या नीट घालणारे, भाजीत मीठ कमी पडलं तरी मुकाट्याने खाणारे. पण पांगारा फुलला, हवा तापू लागली, की गृहस्थ सकाळी उठून खिडकीतून वारा हुंगतात आणि म्हणतात, "शैला, आले गं." कोण आले, हे मी आता विचारत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी हा माणूस रोज डोंगरावर कुणाला भेटायला जातो याची शहानिशा करायला मी मागोमाग चढले होते. वर जाऊन बघते तर हे एका खडकावर उताणे पडून घारी बघत होते. सवत असती तर भांडता तरी आलं असतं.

आमच्या गावामागे निसणीची धार आहे. सह्याद्रीचा एक लांबलचक कणा, पश्चिमेला सरळ कडा, पूर्वेला झाडीचा उतार. हिवाळ्यात दक्षिणेकडे गेलेले गरुड, घारी, ससाणे, भोवत्ये वसंतात या धारेवरून उत्तरेला, पार हिमालयापलीकडे परत जातात. पश्चिमेचा वारा कड्याला आपटतो आणि वर उसळतो. त्या उसळीवर पंख पसरून बसलं की पंख न हलवता मैलोन्‌मैल जाता येतं. ह्यांच्या भाषेत तो फुकटचा एसटी पास.

बावीस वर्षांपूर्वी ह्यांनी नुसतं बघणं सोडून रीतसर मोजणी सुरू केली. हातात मावणारं, दाबलं की एक आकडा पुढे सरकणारं यंत्र घ्यायचं. आम्ही त्याला टिचकी म्हणतो. गरुड आणि मोहोळ घारी ह्यांच्याकडे, साध्या घारी बाळू शेलारकडे. बाळू घाटात वडापावची गाडी चालवतो आणि मोजणीच्या दिवसांत ती बायकोच्या हवाली करतो. भोवत्ये माझ्याकडे. मी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर होते, रजा टाकून जायची. निवृत्त झाल्यापासून रजेचाही प्रश्न नाही.

मोजणीचा एक नियम मात्र देवळातल्या नियमासारखा होता. ऊन डोक्यावर आलं की सगळ्यांनी धारेवरच्या एकुलत्या हिरड्याच्या झाडाखाली यायचं, पूर्वेच्या उताराकडे पाठ करून सावलीत बसायचं, भाकरी, झुणका आणि खर्डा खायचा, ताक प्यायचं, थोडं लवंडायचं. वर बघायचं नाही. फार पूर्वी एका मोजणाऱ्याला ऊन लागून तो खडकावरच कोसळला, त्याला मी सलाईन लावलं, तेव्हापासूनचा नियम. तसंही त्या वेळी पक्षी इतके उंच जातात की दिसत नाहीत, असं हे म्हणायचे. उन्हं कलली, समुद्रावरून खारा वारा पोचला, की पुन्हा झुंडी सुरू. दुपारची गर्दी सकाळपेक्षा दांडगी.

सुरुवातीला वसंतभरात बारा हजारांच्या आसपास पक्षी भरायचे. मग उत्तरेकडच्या धरणाची भिंत वाढवली, पाणी पार धारेच्या पायथ्याशी आलं, आणि दोन-तीन वर्षांत आमचा आकडा अठरा हजारांवर गेला. "पाण्यामुळे हवा गार झाली असेल, म्हणून आपली धार आवडायला लागली त्यांना," हे म्हणाले. आम्ही गावात पेढे वाटले. बाळूने दिवसभर वडे फुकट दिले. ह्यांच्या छातीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या ह्यांनी मला विचारलं होतं की यंदा अठराच्या वर जाईल ना. डॉक्टरांना वाटलं हिमोग्लोबिन विचारताहेत.

आणि आता त्या अठरा हजारांना कामही मिळालं होतं. धारेवर पवनचक्क्यांची रांग यायची होती. पण नव्या कायद्याप्रमाणे ज्या डोंगरावरून वसंतात दहा हजारांहून जास्त शिकारी पक्षी जातात, तो संरक्षित उड्डाणमार्ग ठरतो, तिथे पाती फिरवता येत नाहीत. पाडव्यानंतर सुनावणी होती. त्यात आमचा आकडा मांडायचा होता, आणि तो यंत्राने पडताळलेला हवा होता. माणसाच्या डोळ्यावर आता सरकार विश्वास ठेवत नाही.

यंत्र घेऊन आली आमचीच मुलगी. रेवा पुण्यात एका प्रयोगशाळेत असली यंत्रं बनवते. दुधाच्या कॅनएवढा पांढरा डबा, चार भिंगं, वर गरगर फिरणारी रडारची थाळी. नाव ठेवलं होतं टेहळ्या.

"रेवाताई, ह्यो डबा माज्या वाटची भाकरी तर खानार न्हाई न्हवं?" बाळूने विचारलं.

"उन्हावर चालतो, काका. भाकरी तुमचीच."

"मंग बसू द्या बापड्याला."

हे मात्र डब्याशी पहिल्या दिवसापासून चुरशीने वागले. टिचकी दाबायची आणि तिरक्या डोळ्याने पडद्यावरचा आकडा बघायचा. संध्याकाळी दोघांचे आकडे लावून पाहिले तर शंभरात दोनाचासुद्धा फरक नव्हता. त्या दिवशी हे उतरताना शीळ घालत होते. आमच्या लग्नातही ह्यांनी इतका आनंद दाखवला नव्हता, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

आठवड्याने, हे वर गेलेले असताना, रेवा काहीतरी निमित्त काढून लवकर खाली आली. मी गच्चीवर कुरडया घालत होते. ती शेजारी बसली आणि तिने फोनवर तीन चित्रं दाखवली. तिन्हींत एक मोठा तपकिरी नेपाळी गरुड.

"आई, हे तीन गरुड नाहीत. हा एकच आहे."

"कशावरून?"

"डावा पंख बघ. तिसरं पीस अर्ध्यात तुटलंय, तिथे फट दिसते. शेपटीच्या बुडाशी तिरपा डाग आहे."

मग तिने समजावून सांगितलं. पक्ष्याची पिसं एकदम गळत नाहीत, पाळीपाळीने गळतात आणि उगवतात. कुठलं जुनं, कुठलं नवं, कुठलं झिजलेलं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यात दरवर्षी तसेच उगवणारे पट्टे आणि डाग, आणि पंख मारण्याची लय मिळवली की तळहाताच्या रेषांसारखी खूण तयार होते. टेहळ्या नुसतं मोजत नव्हता, प्रत्येक पक्ष्याची कुंडली मांडत होता. रेवाने हा भाग प्रयोग म्हणून घातला होता, आणि आता तिलाच तो नकोसा झाला होता.

"हा सकाळी धारेवरून उत्तरेला गेला," ती म्हणाली. "पुढे धरणाचं पाणी. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते, तिच्यावर हे जड पक्षी तरंगतात. पाणी तसं तापत नाही. पुरेशी उंची नसेल तर ते काठावरून परत फिरतात. पूर्वेच्या उतारावरून, झाडीला चिकटून, खालून मागे येतात. दक्षिणेच्या टोकाला वळसा घालतात, कड्याच्या वाऱ्यावर पुन्हा चढतात आणि दुपारी पुन्हा जातात."

"आणि परत येतात तेव्हा आम्ही पूर्वेकडे पाठ करून भाकरी खात असतो."

"हो."

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. "खरे किती गं?"

"हा हंगाम असाच गेला तर साडेनऊ हजार."

दहाच्या खाली, हे मला कळायला वेळ लागला नाही. आणि त्यामागोमाग दुसरंही कळलं, ते जास्त लागलं. धरण वाढण्याआधी पक्षी खरोखरच बारा हजार होते. आम्ही पेढे वाटत होतो तेव्हा ते कमी होत होते.

"हा ओळखीचा भाग मी बंद ठेवू शकते," रेवा खाली बघत म्हणाली. "सुनावणीला फक्त किती पक्षी गेले एवढंच विचारणार. त्यात बाबा आणि टेहळ्या जुळतात. कुणाला कळणार नाही. धार वाचेल. आई, बाबांचं हृदय..."

"माहितेय मला. टाके मीच काढलेत."

मी तिला थांब म्हणाले. दोन दिवस मी काहीच केलं नाही. कुरडया वाकड्या पडत होत्या, दूध दोनदा उतू गेलं. मला सरळ सरळ भीती वाटत होती. ह्या माणसाचा सगळा उन्हाळा, सगळी उमेद त्या एका आकड्यावर उभी होती, आणि तो आकडा काढून घेतला तर खाली काय उरेल ते मला माहीत नव्हतं. शिवाय धार. पाती फिरू लागली तर त्या गरुडांचं काय होणार, तेही दिसत होतं. गप्प राहण्यात सगळ्यांचंच भलं होतं.

पण तीस वर्षं वॉर्डात काढली की काही गोष्टी अंगात मुरतात. नातेवाईक मला दाराबाहेर गाठून म्हणायचे, सिस्टर, त्यांना काही सांगू नका. मी सुरुवातीला ऐकायची. मग लक्षात यायला लागलं की पेशंटला आधीच संशय आलेला असतो. आपण लपवतो तेव्हा त्याचा आजार कमी होत नाही, फक्त त्याला बोलायला घरचं माणूस उरत नाही. ह्यांना मी तसं एकटं टाकणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीसारखे हिरड्याखाली बसलो. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी म्हटलं, "अहो, आज जरा उलटं बसा. पूर्वेकडे तोंड करून."

"का? जेवताना बघायचं नाही, नियम आहे."

"माझ्यासाठी बसा."

हे हसले, बसले. रेवाने तिपाईवरची मोठी दुर्बीण उताराकडे वळवली. थोडा वेळ काहीच नाही. मग खाली, झाडांच्या शेंड्यांना लागून, एक गरुड दक्षिणेकडे जाताना दिसला. त्यामागे आणखी दोन. मग चार. मोहोळ घारी. सगळे उलटे चाललेले, जत्रेत रांग चुकलेल्या माणसांसारखे मुकाट.

"हे काय?" ह्यांनी डोळा दुर्बिणीला लावला आणि बराच वेळ काढला नाही. "फटीवाला," ते हळूच म्हणाले. "सकाळी बघितला मी ह्याला. डावं तिसरं पीस. मोजला मी."

त्यांचंही त्या पिसाकडे लक्ष गेलं होतं. चित्रकलेच्या मास्तरांच्या नजरेतून तुटकी रेघ सुटत नाही. मग मी सगळं सांगितलं, काही न गाळता, साडेनऊसकट. रेवा रडवेली झाली होती. बाळू खर्ड्याकडे बघत राहिला.

ह्यांनी दुर्बिणीला झाकण लावलं. मग म्हणाले, "पेढे वाटले गं आपण."

भाकरी तशीच ठेवून ते उतरायला लागले. मी मागून गेले, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे डोंगरावर गेले नाहीत. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाहीत. कपाट उघडून घडी केलेल्याच कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत बसले. मी पाण्याची बाटली भरली, टोपी घातली.

"तू कुठे?"

"मोजायला."

"आता काय मोजणार?"

"माझे भोवत्ये. रेवा म्हणते, भोवत्ये पाण्याला भीत नाहीत, पंख मारत सरळ पलीकडे जातात. माझा आकडा बावीस वर्षं बरोबर आहे. परत फिरतात ते तुमचे आळशी गरुड."

ह्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. त्या रागात थोडा जीव होता, म्हणून मला बरं वाटलं.

सुनावणीला तीन दिवस राहिले असताना हे धारेवर आले. हातात टिचकी नव्हती. शाळेतला जुना मोठा कागद, फळी आणि पेन्सिल होती. हिरड्याखाली पूर्वेला तोंड करून बसले. रेवाने न विचारता टेहळ्याला फटीवाल्याच्या मागावर लावलं. तो अजून इथेच होता, हे कळल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही. मला रडू आलं एवढं खरं.

दिवसभर ह्यांनी दुसरा एकही पक्षी पाहिला नाही. कागदावर धार काढली, पाणी काढलं, आणि फटीवाला जाईल तशी पेन्सिल नेत राहिले. तो कड्यावर चढला, उत्तरेला गेला, पाण्यापाशी घुटमळला, परत फिरला. उतारावरून खाली, टोकाला वळसा, पुन्हा कडा. दुपारी पुन्हा तेच. कागदावर एकावर एक वेटोळी पडली. उन्हं उतरता उतरता खारा वारा जोरात आला, आणि तो कड्यावरून असा वर गेला की मान दुखेपर्यंत बघावं लागलं. उत्तरेला लहान होत होत पाण्यावर गेला. या वेळी वळला नाही. ह्यांनी रेघ कागदाच्या कडेबाहेर नेली आणि पेन्सिल ठेवली.

"शैला," ते म्हणाले, "मला वाटत होतं, माझ्या चुकीने हा दोनदा मोजला गेला. पण त्याला दोनदा यावं लागतंय गं. ही धार नसती तर हा त्या काठावरच बसून राहिला असता."

"मग तेच सांगा तिथे."

"साडेनऊ सांगितल्यावर पुढचं कोण ऐकतंय?"

"मी ऐकेन. पहिल्या बाकावर बसेन."

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात होती. अधिकारी बाई चाळिशीच्या, दमलेल्या. कंपनीकडून एक तरुण इंजिनिअर आला होता, अगदी नम्र मुलगा. गावातले बरेच जण पवनचक्कीच्या बाजूने होते, आणि त्यांना वाईट म्हणता येत नव्हतं. बाळूच्या पोराला तिथे नोकरी मिळायची होती. तरीही बाळूने ह्यांचा तो मोठा कागद डोंगरावरून गुंडाळून आणला होता. "नोकरीचं बगू," तो मला म्हणाला. "पर सरांस्नी एकटं न्हाई पाठवायचं."

ह्यांना बोलावलं. ते उठले, माझ्याकडे एकदा बघितलं.

"आमचा आकडा अठरा हजार म्हणून तुमच्याकडे आलाय," ते म्हणाले. "तो चुकीचा आहे. पक्षी साडेनऊ हजार आहेत."

सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी हसलं. इंजिनिअर मुलगा चकित होऊन बघत राहिला.

"दुपारी आम्ही जेवायला बसायचो, तेव्हा ते मागून परत यायचे. आम्हाला ते नवे वाटायचे. धरण वाढल्यावर आकडा वाढला म्हणून आम्ही पेढे वाटले. खरं तर पक्षी कमी झाले होते, आणि जे उरले होते त्यांना पाणी ओलांडायला ह्याच धारेवर दोनदा, तीनदा चढावं लागत होतं." त्यांनी कागद उलगडला. बाळूने दुसरी बाजू धरली. "हा एका गरुडाचा एक दिवस आहे."

अधिकारी बाई खुर्चीतून उठून जवळ आल्या. वेटोळ्यांवरून बोट फिरवलं. "यंत्राची नोंद आहे याला?"

"आहे," रेवा म्हणाली. "प्रत्येक पक्ष्याची."

बाई इंजिनिअरकडे वळल्या. "पक्षी पात्यांना धडकण्याच्या धोक्याचा हिशेब तुम्ही काढलाय. त्यात एक पक्षी धारेवरून किती वेळा जातो असं धरलंय?"

मुलाने समोरचा पडदा चाळला. त्याला खोटं बोलता आलं असतं. "एकदा, मॅडम," तो म्हणाला. "सगळीकडे एकदाच धरतात."

निर्णय लगेच झाला नाही. महिन्याने आला. आकडा दहा हजारांच्या खाली, त्यामुळे संरक्षित उड्डाणमार्ग हा दर्जा नाही. तो गेला तो गेलाच, आणि ह्यांना त्याचं दुःख झालं. पण धोक्याचं गणित चुकीच्या पायावर उभं होतं, तेव्हा ते तीन वसंतांच्या नोंदींवरून नव्याने मांडावं, तोवर धारेवर एकही खड्डा खणू नये, असंही लिहिलं होतं. नोंदी टेहळ्याने करायच्या, आणि सोबत नलावडे यांच्या गटाने. बाळूचं पोरगं रेवाच्या हाताखाली टेहळ्याची देखभाल शिकायला लागलं. तीन वर्षांनी काय होईल, मला माहीत नाही.

यंदा शिमगा झाला आणि हे पुन्हा हाताबाहेर गेले. नियम बदललाय. आता दुपारी आळीपाळीने जेवायचं, आणि एकाने कायम पूर्वेकडे तोंड करून बसायचं. टिचक्या दोन केल्यात, एक जाणाऱ्यांसाठी, एक परतणाऱ्यांसाठी.

काल माझी जेवायची पाळी होती. मी भाकरी खात होते, हे पूर्वेकडे बघत होते. अचानक त्यांनी माझा दंड धरला. झाडांच्या शेंड्यांवरून एक मोठा तपकिरी गरुड संथ येत होता. तुटकं पीस गळून नवं आलं होतं, डाव्या पंखात आता फट नव्हती. मला तो कुठल्याही गरुडासारखा दिसला. पण मागे टेहळ्याने बारीक टिंग केलं, ओळखीचा आला की करतो तसं, आणि पडद्यावर शेपटीच्या बुडाचा तिरपा डाग उमटला.

तो हिमालय ओलांडून गेला होता, कुठेतरी गवताळ मैदानात उन्हाळा काढून, हिवाळ्याला दक्षिणेत उतरून, पुन्हा आमच्या धारेशी आला होता. पाण्याने त्याला पुन्हा माघारी धाडलं होतं, आणि तो टोकाला वळसा घालून पुन्हा चढायला निघाला होता.

ह्यांचा अंगठा सवयीने जाणाऱ्यांच्या टिचकीवर गेला आणि तिथेच थांबला.

"दाबा की," मी म्हटलं.

"राहू दे," हे म्हणाले. "ह्याला मी सकाळीच मोजलाय." आणि परतणाऱ्यांची टिचकी दाबून, डोळे पुसून, तो कड्यावर चढेपर्यंत बघत राहिले.